टेस्ट हिरव्या, तरी प्रॉडक्शनमध्ये 'अनडिफाइन्ड': नल-तपासणीच्या टेस्ट कुठे फसतात

लॉगमध्ये पुन्हा तीच ओळ दिसते: 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड', आणि पुढे 'रीडिंग ट्रिम'. कोड टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये आहे. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे कंपाइलरची कडक तपासणी, चालू आहे. ज्या फंक्शनमध्ये हे घडलं, त्याला नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हॅल्यू) आणि अनडिफाइन्ड (दिलीच नाही अशी व्हॅल्यू) देऊन बघणाऱ्या टेस्टसुद्धा रेपोत आहेत आणि त्या सगळ्या पास होतात. मग कोणीतरी त्या ओळीवर `?.` (व्हॅल्यू नसेल तर एरर न देता पुढे जाणारा ऑपरेटर) टाकतं, तिकीट बंद होतं, आणि पुढच्या रिलीजला शेजारच्या फील्डवर तोच एरर येतो.

हा प्रश्न इतक्या प्रोजेक्टमध्ये इतक्या सारख्या रूपात येतो, की त्याची कारणं आता ठरावीक झाली आहेत. बऱ्याचदा व्हॅलिडेशन, म्हणजे आलेली माहिती योग्य आहे का याची तपासणी, कोणीतरी लिहिलेलं असतं, पण ते तपासणारी टेस्ट भलत्याच कारणाने पास होत असते. त्यामुळे व्हॅलिडेशन कधी मोडलं, किंवा मुळात कधी चाललंच नव्हतं, हे कोणालाच कळत नाही. शोध टेस्टपासून सुरू करावा असं मी सांगतो ते यासाठी.

उदाहरण एकच धरू. ग्राहकाच्या प्रोफाइलमधला मोबाइल नंबर बदलणारी पॅच एपीआय, म्हणजे माहितीतला फक्त पाठवलेला भाग बदलणारी एपीआय. आत एक फंक्शन आहे: आलेला मजकूर ट्रिम करतं, दहा आकडे आहेत का पाहतं, नसतील तर आपला स्वतःचा व्हॅलिडेशन-एरर फेकतं. वरचा हँडलर तो एरर पकडून ४०० (पाठवणाऱ्याची चूक) पाठवतो. बाकी कुठलाही एरर आला तर ५०० (सर्व्हरची चूक).

आधी एक प्रयोग

फंक्शनमधली नल तपासणारी ओळ कॉमेंट करा आणि टेस्ट चालवा. नल-अनडिफाइन्डच्या टेस्ट लाल झाल्या तर त्या खऱ्या आहेत; तुमची अडचण बाहेरची माहिती आत येते त्या सीमेवर असेल, थेट पुढच्या 'फंक्शनची सहीच बदलायला हवी' या भागात जा. ओळ काढूनही सगळं हिरवंच राहिलं, तर त्या टेस्ट काहीच तपासत नाहीत आणि खालचं एक तरी कारण तुमच्याकडे नक्की आहे.

याला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी तो करून न पाहता लोक तासन् तास डीबगर लावून बसतात. कृपया आधी हे करा.

पहिलं कारण: कोसळणं आणि नाकारणं यांत टेस्टला फरक कळत नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबू.

टेस्ट अशी असते: फंक्शनला नल द्या, आणि जेस्ट किंवा व्हीटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनांतल्या टू-थ्रो मॅचरने (निकाल अपेक्षेशी ताडून बघणाऱ्या फंक्शनने) एरर येतो का बघा. मॅचरच्या कंसात काहीच दिलेलं नसतं. आता नल तपासणारी ओळ नसताना काय होतं पाहा. फंक्शन नलवर ट्रिम बोलावायला जातं, जावास्क्रिप्टचं इंजिन टाइप-एरर फेकतं, मॅचर म्हणतो 'एरर आला की', आणि टेस्ट पास. ज्या अपघातापासून वाचण्यासाठी टेस्ट लिहिली, तोच अपघात घडल्यामुळे ती हिरवी होते. ग्राहकाला मात्र 'मोबाइल नंबर द्या' असा ४०० मिळायच्या ऐवजी ५०० मिळतो, आणि रात्री कोणाच्या तरी फोनवर अलर्ट वाजतो.

उपाय: टू-थ्रोला कुठला एरर हवा ते सांगा. व्हॅलिडेशन-एरर नावाचा क्लास करा आणि तोच क्लास मॅचरला द्या. शक्य असेल तर एररवर फील्डचं नाव आणि एक कोड ठेवा, जसं 'मोबाइल' आणि 'आवश्यक', आणि टेस्टमध्ये तेही तपासा. म्हणजे मोबाइलसाठी नल दिलं आणि एरर मात्र ईमेलचा आला, हेही पकडलं जाईल. मेसेजच्या मजकुरावर टेस्ट बांधणं मी टाळतो. स्वतःचा मेसेज उद्या मराठीत भाषांतरित होतो, आणि इंजिनचा मेसेज आवृत्तीनुसार बदलतो: नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि क्रोममध्ये पूर्वी 'कॅनॉट रीड प्रॉपर्टी ट्रिम ऑफ अनडिफाइन्ड' यायचं, आता शब्दांचा क्रमच वेगळा आहे.

एक खाच लक्षात ठेवा. कंपाइलरचं टार्गेट अजून ईएस५ (जावास्क्रिप्टची जुनी आवृत्ती) असेल, तर एरर क्लासला एक्स्टेंड करून बनवलेल्या क्लासची प्रोटोटाइप साखळी तुटते आणि इन्स्टन्स-ऑफ फॉल्स देतो. क्लास देऊन केलेली टेस्ट तेव्हा विनाकारण लाल दिसते. टार्गेट ईएस२०१५ किंवा पुढचं ठेवलं की हे मिटतं. ते शक्य नसेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये सेट-प्रोटोटाइप-ऑफ करावं लागतं.

याच जातीचे आणखी दोन प्रकार आहेत. फंक्शन असिंक (निकाल नंतर, प्रॉमिसच्या रूपात देणारं) असेल आणि 'रिजेक्ट्स'वाल्या एक्स्पेक्टच्या आधी अवेट विसरलं असेल, तर प्रॉमिसचा निकाल लागायच्या आतच टेस्ट संपते आणि पास ठरू शकते. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट या कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचा 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' हा नियम लावला की असं विसरलेलं अवेट लिंटमध्येच दिसतं. दुसरा प्रकार जुन्या कोडमध्ये भेटतो: टेस्टमध्ये ट्राय-कॅच लिहून कॅचच्या आत एक्स्पेक्ट ठेवलेलं असतं. एरर आलाच नाही तर कॅचमध्ये कोणी जात नाही, एकही एक्स्पेक्ट चालत नाही, टेस्ट पास. तिथे टेस्टच्या सुरुवातीला एक्स्पेक्टवरच्या 'असर्शन्स'ला १ द्या, किंवा ट्राय-कॅच काढून सरळ टू-थ्रो वापरा.

दुसरं कारण: नल फंक्शनपर्यंत पोहोचतच नाही

टेस्टमध्ये आपण लिहितो अनडिफाइन्ड, पण वाटेत त्याचं दुसरंच काहीतरी होतं. हे शोधायला सगळ्यात अवघड, कारण टेस्ट वाचताना ती अगदी बरोबर वाटते.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये टेस्टसाठी नमुना ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन असतं, ज्याला लोक फॅक्टरी किंवा बिल्डर म्हणतात. समजा, त्यात मोबाइल हा पॅरामीटर आहे आणि त्याला डिफॉल्ट म्हणून एक योग्य नंबर दिला आहे. तुम्ही फॅक्टरीला अनडिफाइन्ड दिलं, की जावास्क्रिप्टच्या नियमाप्रमाणे डिफॉल्ट लागू होतो. अनडिफाइन्डच्या नावाने चाललेली टेस्ट प्रत्यक्षात योग्य नंबर पाठवते. डिफॉल्ट पॅरामीटर फक्त अनडिफाइन्डला लागू होतो, नलला होत नाही. म्हणून नलची टेस्ट बरोबर चालते, अनडिफाइन्डची चालत नाही, आणि 'अनडिफाइन्ड चालतं वाटतं आपल्या फंक्शनला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. फॅक्टरीत डिफॉल्टच्या जागी `मोबाइल ?? नमुनानंबर` असं असेल, तर नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही गायब.

फॅक्टरी लिहायची ती स्प्रेडने (`...` या ऑपरेटरने) लिहा: आधी नमुना पसरवा, त्यावर टेस्टने दिलेले बदल पसरवा. स्प्रेडमध्ये अनडिफाइन्ड ही व्हॅल्यू असलेलं फील्ड आधीच्या व्हॅल्यूवर लिहिलं जातं, म्हणजे टेस्टने जे मागितलं तेच मिळतं. फील्ड मुळातच नसलेला ऑब्जेक्ट हवा असेल, तर ते फील्ड वगळणारं एक छोटं वेगळं फंक्शन ठेवा. 'फील्ड आहे पण अनडिफाइन्ड' आणि 'फील्डच नाही' हे दोन वेगळे प्रसंग आहेत. इन ऑपरेटर, ऑब्जेक्ट-हॅझ-ओन आणि ऑब्जेक्ट-कीज या तिघांनाही त्यातला फरक दिसतो.

एचटीटीपीमधून जाणाऱ्या टेस्टमध्ये आणखी एक वळण आहे. सुपरटेस्ट या एपीआय-टेस्टच्या लायब्ररीने मोबाइल अनडिफाइन्ड असलेला ऑब्जेक्ट पाठवला तर त्याचा जेसन (पाठवायचा मजकूर) बनताना ते फील्डच गळून पडतं. जेसनमध्ये अनडिफाइन्ड नावाची गोष्टच नाही. ॲरेच्या आत असेल तर त्याचं नल होतं; नॉट-अ-नंबरचंसुद्धा नल होतं. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने बॉडीत अनडिफाइन्ड कधीच येत नाही, एक तर फील्ड नसतं किंवा नल असतं. एपीआय-टेस्टच्या नावात 'अनडिफाइन्ड पाठवल्यास' असं लिहिलेलं दिसलं, की ते बदलून 'फील्ड नसल्यास' करा. वाचणाऱ्याचा गोंधळ तिथेच कमी होतो.

क्वेरी स्ट्रिंगचं उलट आहे. यूआरएल-सर्च-पॅरॅम्सला अनडिफाइन्ड किंवा नल दिलं, की त्याची तशीच अक्षरं होतात: नऊ अक्षरी किंवा चार अक्षरी मजकूर, जो रिकामा नाही, ट्रुथी आहे (अटीत खरा धरला जातो), आणि 'व्हॅल्यू आहे का' ही तपासणी आरामात पार करतो. फॉर्म-डेटाला नल दिलं तरी हेच. नोडमध्ये प्रोसेस-एन्व्हवर सुद्धा हेच होतं. टेस्ट संपल्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'काढून टाकायला' लोक त्याला अनडिफाइन्ड देतात. नोड त्याचा मजकूर करून ठेवतं, आणि पुढच्या टेस्टला वाटतं की व्हेरिएबल सेट आहे. तिथे डिलीटच वापरायला हवं. एकट्याने चालवली की पास आणि सगळ्यांसोबत चालवली की नापास, अशी टेस्ट दिसली तर मी सर्वांत आधी हे पाहतो.

तिसरं कारण: मॅचर ढिला आहे

हे लवकर आटपतं. टू-बी-डिफाइन्ड नलला पास करतो, कारण नल म्हणजे अनडिफाइन्ड नव्हे. टू-इक्वल दोन ऑब्जेक्टची तुलना करताना अनडिफाइन्ड असलेली फील्ड्स मोजतच नाही. ती मोजायची तर टू-स्ट्रिक्ट-इक्वल हवा. टू-बी-फॉल्सी शून्य, रिकामा मजकूर, नल, अनडिफाइन्ड, नॉट-अ-नंबर आणि फॉल्स या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. नल अपेक्षित असेल तर टू-बी-नल, अनडिफाइन्ड अपेक्षित असेल तर टू-बी-अनडिफाइन्ड, एवढं नेमकं लिहायला काही जास्त कष्ट पडत नाहीत. व्हॅलिडेशनच्या टेस्ट फायलींत टू-इक्वल सरसकट टू-स्ट्रिक्ट-इक्वल करून एकदा रन करा. काय काय लाल होतं ते पाहण्यासारखं असतं.

चौथं: 'ॲज एनी' आणि गप्प बसवलेला कंपाइलर

फंक्शनचा पॅरामीटर स्ट्रिंग आहे. टेस्टमध्ये नल द्यायला गेलं तर कंपाइलर अडवतो, आणि ते बरोबरच आहे. मग टेस्टमध्ये नलपुढे 'ॲज एनी' (याला कुठलाही टाइप चालेल असं समज) येतं. त्याने आजचं काम होतं, पण त्या ओळीवरची सगळी टाइप-तपासणी कायमची बंद होते. उद्या पॅरामीटरचा क्रम बदलला, फंक्शनला ऑब्जेक्ट द्यायचं ठरलं, किंवा नल चालायला लागलं, तरी ती ओळ काही बोलणार नाही.

'टीएस-एक्स्पेक्ट-एरर' ही कॉमेंट त्यापेक्षा चांगली. ती टाइपस्क्रिप्ट ३.९ मध्ये, २०२० साली आली. खालच्या ओळीत टाइपचा एरर असायलाच हवा असं ती म्हणते. एरर नाहीसा झाला की ती कॉमेंटच एरर ठरते. म्हणजे 'नल देणं कंपाइलरला मान्य नाही' हीसुद्धा एक तपासलेली गोष्ट होते. 'टीएस-इग्नोर'ला हे जमत नाही.

पण यात एक मोठी अट आहे, आणि ती खूप ठिकाणी पाळलेली नसते. व्हीटेस्ट टाइपस्क्रिप्टचं रूपांतर करताना टाइप फक्त पुसून टाकतं, तपासत नाही. बाबेल किंवा एसडब्ल्यूसी ही रूपांतराची साधनं लावून चालवलेला जेस्टही तसाच. टीएस-जेस्ट मात्र सहसा तपासतं. म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप तपासणी चालवणाऱ्या व्यवस्थेत) टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपाइलर, नो-एमिट (फक्त तपास, फाइल बनवू नको) पर्यायाने वेगळा चालवावा लागतो, आणि त्या वेळी टेस्ट फायली कॉन्फिगमध्ये धरलेल्या आहेत ना हेही पाहावं लागतं. बिल्डमध्ये टेस्ट नकोत म्हणून कोणीतरी त्या एक्स्क्लूडमध्ये टाकलेल्या असतात. मग टेस्ट फायलींतले टाइप कोणीच तपासत नाही. बिल्डसाठी एक कॉन्फिग आणि तपासणीसाठी दुसरं, असे दोन ठेवले की प्रश्न उरत नाही.

खरं म्हणजे फंक्शनची सहीच बदलायला हवी

ज्या फंक्शनला टेस्टमध्ये जबरदस्तीने नल द्यावं लागतं, त्याच्या सहीत, म्हणजे पॅरामीटर आणि त्यांच्या टाइपच्या घोषणेत, काहीतरी खोटं आहे. ते म्हणतं 'मला स्ट्रिंग मिळते', आणि आत तपासतं 'स्ट्रिंग मिळाली का'. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल झाल्यावर शिल्लक राहत नाहीत. जेसन-पार्स एनी देतं, फेचच्या उत्तरावरचं जेसनही एनी देतं, आणि एनीला तुम्ही म्हणाल त्या टाइपचं लेबल लावता येतं. बॉडीला 'ॲज ग्राहक-बदल' म्हटलं की कंपाइलर मान्य करतो. नेटवर्कवरून काय आलं याच्याशी त्याचा संबंध नाही. स्ट्रिक्ट-नल-चेक्स हा पर्याय टाइपस्क्रिप्ट २.० मध्ये २०१६ साली आला आणि त्याने फार मोठं काम केलं. पण तो प्रोग्रामच्या आतल्या वाटा राखतो, बाहेरून येणारी वस्तू उघडून बघत नाही.

म्हणून सीमेवरच्या, म्हणजे बाहेरची माहिती आत घेणाऱ्या, फंक्शनचा पॅरामीटर 'अननोन' (टाइप माहीत नाही, वापरण्याआधी तपासा) ठेवा. आत अननोन, बाहेर नीट टाइप असलेली व्हॅल्यू किंवा व्हॅलिडेशन-एरर. टेस्टमध्ये त्याला नल द्या, अनडिफाइन्ड द्या, ॲरे द्या. कंपाइलर अडवत नाही, 'ॲज एनी' लागत नाही, एक्स्पेक्ट-एररही लागत नाही. आणि आतल्या फंक्शनांना स्ट्रिंग हवी असेल तर स्ट्रिंगच लिहा आणि तिथली नल-तपासणी व तिच्या टेस्ट दोन्ही काढून टाका. तिथे कंपाइलर काम करतो आहे, त्याला करू द्या. प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी 'नल असेल तर' असं लिहीत सुटल्याने कोड सुरक्षित होत नाही. नल नेमकं कुठून येऊ शकतं हे मात्र कोणालाच सांगता येईनासं होतं.

सीमा म्हणजे कुठली ते एकदा लिहून काढा: रिक्वेस्टची बॉडी, क्वेरी, हेडर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, लोकल-स्टोरेज, दुसऱ्या सर्व्हिसचं उत्तर, डेटाबेसमधली ओळ, क्यूवरचा मेसेज. लायब्ररी एनपीएमवर टाकत असाल तर तुमचं प्रत्येक एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन सीमाच आहे, कारण ते साध्या जावास्क्रिप्टमधूनही बोलावलं जाणार.

प्रत्येक सीमेची 'नाही' सांगायची पद्धतही निराळी असते. लोकल-स्टोरेज, क्वेरी-सिलेक्टर, यूआरएल-सर्च-पॅरॅम्सचं गेट आणि मजकुरावरचं मॅच हे नल देतात. मॅपचं गेट आणि ॲरेवरचं फाइंड अनडिफाइन्ड देतात. टेस्टच्या ओळी निवडताना त्या सीमेवर खरंच येऊ शकेल तेच आधी घ्या.

व्हॅलिडेशनच चुकलेलं असतं तेव्हा

टेस्ट खऱ्या केल्या की मग कोडमधल्या चुका दिसायला लागतात.

`!रक्कम` अशी तपासणी शून्य रुपयांनाही नाकारते. `रक्कम || १००` शून्याचे शंभर करते, `रक्कम?? १००` करत नाही. दोन प्रश्नचिन्हांचा हा ऑपरेटर आणि `?.` दोन्ही टाइपस्क्रिप्ट ३.७ मध्ये, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आले, तरी `||` वापरायची सवय अजून गेलेली नाही. टाइप-ऑफ नल विचारलं तर उत्तर 'ऑब्जेक्ट' येतं, त्यामुळे 'टाइप ऑब्जेक्ट आहे का' एवढ्याच तपासणीतून नल सुटतं. नलचा नंबर केला तर शून्य होतो, अनडिफाइन्डचा केला तर नॉट-अ-नंबर. `नल >= ०` खरं येतं, `नल == ०` खोटं. किमान मर्यादा शून्य ठेवलेल्या व्हॅलिडेशनमधून नल निवांत पुढे जातं ते याचमुळे. इझ-नॅन हे जुनं ग्लोबल फंक्शन अनडिफाइन्डला खरं म्हणतं आणि नलला खोटं. नंबरवरचं इझ-नॅन दोघांनाही खोटं म्हणतं.

दोन्ही एकदम तपासायचे असतील तर `== नल` ही दोन बरोबरच्या चिन्हांची तुलना चांगली आहे. ती फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच पकडते, शून्याला हात लावत नाही. ईएसलिंटचा तीन चिन्हांचा आग्रह धरणारा नियम नलपुरता सैल करता येतो.

लायब्ररी वापरत असाल तर तिचे शब्द नीट वाचा. झॉड या व्हॅलिडेशन लायब्ररीत ऑप्शनल म्हणजे अनडिफाइन्ड चालेल, नलेबल म्हणजे नल चालेल, नलिश म्हणजे दोन्ही. झॉडचा डिफॉल्टही फक्त अनडिफाइन्डला लागतो. पण झॉडचं कोअर्स (आलेल्या व्हॅल्यूचा टाइप आपोआप बदलणं) वापरलं, तर नंबरसाठी नलचं शून्य होतं आणि स्ट्रिंगसाठी नलचा चार अक्षरी मजकूर होतो, आणि दोन्ही वैध ठरतात. नेस्ट या सर्व्हर-फ्रेमवर्कसोबत वापरल्या जाणाऱ्या क्लास-व्हॅलिडेटरमध्ये इझ-ऑप्शनल हा डेकोरेटर अनडिफाइन्डसोबत नललाही सोडून देतो: त्या फील्डवरच्या बाकीच्या सगळ्या तपासण्या तेव्हा होतच नाहीत. 'ऑप्शनल' या एका शब्दाचा अर्थ दोन लायब्ररींत असा वेगळा आहे. एकीवरून दुसरीवर जाताना टेस्ट नसतील तर हा बदल कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि प्रिझ्मा (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. प्रिझ्मात अनडिफाइन्ड म्हणजे 'ही अट दिलीच नाही', नल म्हणजे डेटाबेसमधलं नल. डिलीट-मेनीच्या व्हेअरमध्ये ग्राहकाचा आयडी अनडिफाइन्ड गेला, तर अट नाहीशी होते आणि त्या टेबलातल्या सगळ्या ओळी पुसल्या जातात. यात एररही येत नाही. इथे व्हॅलिडेशनची टेस्ट केवळ 'एरर आला' यावर थांबवू नका. आयडीशिवाय रिक्वेस्ट गेल्यावर टेबलातल्या ओळी जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत, हेही तपासा.

फील्ड नसणं, नल असणं आणि रिकामं असणं

पॅच एपीआयसाठी हे तीन प्रसंग वेगळे आहेत, आणि त्यांचा अर्थ कोड लिहिण्याआधी ठरायला हवा. जेसन मर्ज पॅचचं मानक, म्हणजे २०१४ चा आरएफसी ७३९६, सांगतं की फील्ड नसेल तर जुनी व्हॅल्यू तशीच ठेवा आणि नल असेल तर ती काढून टाका. मला ही वाटणी पटते. तुमच्या टीमने वेगळी ठरवली तरी हरकत नाही, पण ती लिहिलेली असावी, आणि लिहायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे टेस्टचा तक्ता. टेस्ट-ईचने एकच टेस्ट अनेक ओळींवर चालवता येते. आतापर्यंत आपण नल नाकारत होतो; मानकाची ही वाटणी घेतली तर आपल्या मोबाइल नंबरसाठी तो असा:

फील्डच नाही → जुना नंबर तसाच
नल → नंबर काढून टाकला
"" → ४००, कोड 'रिकामा'
नुसत्या स्पेस → ४००, कोड 'रिकामा'
"नल" हा मजकूर → ४००, कोड 'आकडे हवेत'
० हा नंबर → ४००, कोड 'मजकूर हवा'
रिकामा ॲरे → ४००, कोड 'मजकूर हवा'
दहा आकड्यांचा मजकूर → नवा नंबर

तक्त्यातलं 'नल' हा मजकूर म्हणजे अर्थातच इंग्रजी चार अक्षरं. शेवटची ओळ विसरू नका. सगळं नाकारणारं फंक्शनही वरच्या बहुतेक ओळी पास करेल. योग्य व्हॅल्यू स्वीकारली जाते हे त्याच तक्त्यात दिसलं पाहिजे. प्रत्येक ओळीला टेस्टच्या नावात तिची व्हॅल्यू दिसेल असं करा, म्हणजे सीआयमध्ये लाल झाल्यावर फाइल न उघडता कळतं.

टाइपमध्येही हा फरक धरता येतो. 'मोबाइल?' असं ऐच्छिक फील्ड लिहिलं तर नेहमीच्या स्ट्रिक्टमध्ये 'नसलेलं' आणि 'अनडिफाइन्ड दिलेलं' दोन्ही चालतं. टाइपस्क्रिप्ट ४.४ पासून, म्हणजे २०२१ पासून, एक्झॅक्ट-ऑप्शनल-प्रॉपर्टी-टाइप्स हा पर्याय आहे. तो चालू केला की अनडिफाइन्ड मुद्दाम देणं चूक ठरतं. त्याच्या आधी, ४.१ मध्ये आलेला नो-अनचेक्ड-इंडेक्स्ड-ॲक्सेस ॲरेच्या किंवा रेकॉर्डच्या आतून काढलेली व्हॅल्यू अनडिफाइन्ड असू शकते असं धरायला लावतो. दोन्ही पर्याय स्ट्रिक्टमध्ये येत नाहीत, वेगळे चालू करावे लागतात. जुन्या प्रोजेक्टमध्ये दुसरा चालू केला की एररची रांग लागते. घाबरून सगळीकडे उद्गारचिन्ह टाकू नका: नावामागचं ते `!` कंपाइल झाल्यावर पुसलं जातं, रनटाइमला काहीच तपासत नाही. फोल्डरमागून फोल्डर घेत हळूहळू सोडवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

सुरुवातीचा प्रयोग हाताने सगळीकडे करणं शक्य नाही. स्ट्रायकर हे म्युटेशन टेस्टिंगचं साधन तेच काम यंत्राने करतं: अट उलटी करतं, तुलना बदलतं, ब्लॉक रिकामा करतं, आणि प्रत्येक बदलाला एखादी तरी टेस्ट लाल होते का बघतं. सगळ्या रेपोवर चालवायला वेळ लागतो. फक्त व्हॅलिडेशनच्या फोल्डरवर लावलं तर सहज परवडतं, आणि तिथेच त्याची खरी गरज असते. कव्हरेजच्या टक्क्यांवर मात्र या बाबतीत विसंबू नका. कंसात काही न दिलेला टू-थ्रोसुद्धा ओळ 'चालली' म्हणून मोजायला लावतो.

रँडम व्हॅल्यू देऊन बघायच्या असतील तर फास्ट-चेक ही लायब्ररी चांगली आहे. त्यातलं ऑप्शन हे फंक्शन न सांगता नल देतं. अनडिफाइन्ड हवं असेल तर 'निल' या सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. हे ठाऊक नसेल तर हजारो रँडम व्हॅल्यू जातात आणि त्यात अनडिफाइन्ड एकदाही नसतं.

राहिला मॉकचा, म्हणजे नकली उत्तरांचा, प्रश्न. दुसऱ्या सर्व्हिसचं उत्तर टेस्टमध्ये आपण हाताने लिहितो, तेव्हा ते आपल्या टाइपला बघून लिहितो. त्यामुळे मॉकमध्ये सगळी फील्ड्स भरलेली असतात, आणि टाइपमध्ये जी चूक आहे तीच मॉकमध्येही उतरते. स्टेजिंगवरून (प्रॉडक्शनआधीच्या चाचणी-सर्व्हरवरून) आलेली काही खरी उत्तरं, ग्राहकांची माहिती पुसून, फिक्स्चर (टेस्टसाठी साठवलेला नमुना) म्हणून ठेवा आणि ती कोडमध्ये वापरता त्याच स्कीमातून (माहितीच्या ठरवलेल्या आकारातून) पार्स करणारी एक टेस्ट लिहा. त्या उत्तरांत पत्ता नल असेल आणि तुमच्या टाइपमध्ये तो स्ट्रिंग असेल, तर ही टेस्ट पहिल्याच रनला लाल होते. मग टाइप दुरुस्त करा, आणि नल कुठे कुठे हाताळायचं राहिलं आहे त्याची यादी कंपाइलर स्वतःच काढून देतो.